नॉर्मल मुलाचं स्थळ

"झोप कशी आहे?" सबनीस मॅडमनी विचारलं.

"उडालीये," मी म्हटलं आणि हसले.

मॅडमचं पेन थांबलं. "उडालीये म्हणजे?"

"लागते हो. पण उशिरा लागते आणि लवकर संपते."

"थकवा?"

"अजिबात नाही."

"बोलणं? नेहमीपेक्षा जास्त?"

"परवा दुकानात मालक म्हणाले, सुनेत्रा, गिऱ्हाइकालाही एखादं वाक्य बोलू दे."

"खर्च?"

"ओढण्या घेतल्या. ढीगभर. एकीवरही जाईल असा ड्रेस नाही माझ्याकडे."

"मोठमोठे बेत मनात येतात?"

"येतात की. सोमवारी माझा साखरपुडा आहे."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना हसू आलं की त्या तसं करायच्या. त्या मला मी सहावीत असल्यापासून ओळखत होत्या. तेव्हापासून दरवर्षी मी सांगलीहून मिरजेच्या मानसिक आजारांच्या केंद्रात जायची आणि त्या मला हेच प्रश्न विचारायच्या. माझ्या अण्णांना बायपोलर आजार होता. मी सहावीत असताना त्यांनी कोणाचंही लग्न नसताना आमच्या गल्लीला लग्नाचं जेवण घातलं होतं. मांडव, जिलेबी, मठ्ठा, सगळं साग्रसंगीत. लोकांनी आहेरही आणले, आणि द्यायचे कोणाला म्हणून परत नेले. नंतर कित्येक महिने अण्णा भिंतीकडे तोंड करून पडून होते. मग गोळ्या सुरू झाल्या, घडी बसली आणि त्यांचं सायकलचं दुकान पुन्हा उघडलं. आई त्यानंतर थोड्याच वर्षांत गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघंच.

अशा आईबापांच्या मुलांवर केंद्राचं संशोधन चाललं होतं. मुलांना लहानपणापासून बघत राहायचं. आजार कोणाला होतो, कोणाला होत नाही, झाला तर आधी काय दिसतं, दबकत येतो की दार वाजवून येतो, हे वर्षानुवर्षं टिपायचं. म्हणजे मी सहावीपासून वेटिंग लिस्टवर होते.

"सुनेत्रा," मॅडम म्हणाल्या, "प्रेमात पडलेल्या माणसाला हे प्रश्न विचारणं म्हणजे अवघडच आहे. पण तू झोप सांभाळ. आणि मला फोन करत राहा."

"आणि नवऱ्या मुलाचं काय? त्याचीही झोप उडालीये म्हणे."

"त्याच्या आईबापांना हा आजार नाही," मॅडम म्हणाल्या आणि चष्मा लावला.

नवरा मुलगा बाहेर बाकावर बसलेला होता. म्हणजे बसलेला नव्हता. भडंगाची, म्हणजे तिखट चुरमुऱ्यांची, अख्खी गोणी उघडून तो व्हरांड्यातल्या प्रत्येकाला ओंजळ ओंजळ वाटत होता.

हा भरतेश चौगुले. जयसिंगपूरला त्यांचं भडंगाचं दुकान. वडील लवकर वारले, दुकान त्याच्या आईनं, पद्माक्कांनी, चालवलं. आजार कोणाला होतो हे कळायचं तर ज्यांच्या घरात तो नाही अशी मुलंही शेजारी ठेवून बघावी लागतात. भरतेश त्या तुलनेच्या गटातला. पद्माक्कांनी याचा अर्थ आपल्या परीनं लावला होता. भरतेशला स्थळं यायला लागल्यापासून त्या प्रत्येक पाहुण्याला सांगायच्या, "मिरजेच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी निवडलाय त्याला. नॉर्मल म्हणून. दरसाल तपासत्यात. अजून नॉर्मलच हाय." पत्रिकेआधी त्या हे सांगायच्या.

आम्ही दोघं वर्षानुवर्षं एकाच बाकावर बसून मोठे झालो. खरं सांगायचं तर त्या सगळ्या वर्षांत तो माझ्याशी फारसं बोललाच नव्हता. नखं खायचा. उन्हाळ्यात न विचारता स्वतःची पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवायचा. मला तो आवडायचा, पण मुखदुर्बळ माणसाच्या तोंडून काही निघेपर्यंत माझे केस पिकतील अशी मी मनाची तयारी केली होती.

आणि आदल्याच आठवड्यात हा प्राणी आयर्विन पुलावर, भर पुलाच्या मध्यावर, स्कूटर थांबवून मला म्हणाला, "सुनेत्रा, माझ्याशी लग्न कर. आत्ताच सांग. नाही म्हणालीस तरी मी उद्या परत विचारणार आणि परवा परत." मागे उसाच्या ट्रॅक्टरची रांग लागली. पहिल्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्नवरचा हात काढला आणि ओरडला, "ताई, हो म्हणा की लवकर, ऊस वाळायलाय." मी हो म्हटलं. मागच्या दोन ट्रॅक्टरवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमानं मुक्याला वाचा फुटते म्हणतात ते खोटं नाही, असं मला वाटलं.

तर व्हरांड्यात त्यानं मॅडमनाही ओंजळभर भडंग दिला.

"भरतेश, आत ये, तुझी मुलाखत," मॅडम म्हणाल्या.

"आज नको मॅडम. मला अजून सासऱ्यांना भेटायचंय, बँडवाल्याला भेटायचंय. आणि माझं काय बघायचं? मी तुमचा नॉर्मल."

"पुढच्या आठवड्यात नक्की ये."

"येतो की. लग्न करूनच येतो," तो म्हणाला आणि जिन्यावरून उड्या मारत खाली गेला. सगळा व्हरांडा हसत होता, आणि सगळ्यांत जास्त मी.

पद्माक्का या लग्नाला इतक्या सहज कशा तयार झाल्या, याचं मला आश्चर्य वाटायचं. बोलणी करायला आम्ही जयसिंगपूरला गेलो तेव्हा अण्णांनी आजाराचं सगळं आधीच सांगून टाकलं. पद्माक्कांनी ऐकून घेतलं, बोटांवर काहीतरी जुळवलं आणि म्हणाल्या, "तुमच्यात निम्मं. आमच्यात शून्य. पोराबाळांत पाव उतरंल. पाव चालतंय."

मग मला आत बोलावून हळूच म्हणाल्या, "हसणं तेवढं कमी कर बाई. लोकास्नी वाटंल, हिचंबी सुरू झालं."

झालं. मी आरशापुढे उभी राहून गंभीर चेहऱ्याची प्रॅक्टिस करायला लागले. साडीच्या दुकानात हसू आलं की खाली वाकून साड्यांच्या घड्या घालायची. मी किती बोलते, किती जेवते, कधी दिवा मालवते, यावर आमच्या गल्लीचं आणि चौगुल्यांच्या गल्लीचं लक्ष होतं. आणि भरतेश? तो दिवसरात्र भट्टीपुढे होता. चिंचेचा भडंग केला, आल्याचा केला, गुलकंदाचा केला. तो गुलकंदाचा फक्त शेजारच्या शेळीनं खाल्ला. दुकानाची पाटी एका सकाळी निळी होती, दुपारी पिवळी. "धंद्यात लक्ष घालायलाय पोरगा, लक्ष्मीचा पायगुण," पद्माक्का म्हणायच्या. लक्ष्मी म्हणजे मी.

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी, रविवारी भल्या सकाळी, भरतेश सांगलीला अण्णांच्या दुकानात हजर झाला. अण्णा पंक्चर काढत बसले होते. भरतेश उलट्या ठेवलेल्या सायकलीचं चाक फिरवत बोलायला लागला. भडंग आता सायकलीवरून घरोघर पोचवायचा. आधी सांगली, मग कोल्हापूर, मग सरहद्दीवरचे सगळे मराठी जवान. जवानांना थंडीत तिखट पाहिजे असतं, कोणाच्या कसं लक्षात आलं नाही? सायकली सगळ्या अण्णांकडून. शंभर. प्रत्येकीला घंटा वेगळ्या सुरातली, म्हणजे शंभर जणं निघाली की राग तयार झाला पाहिजे.

अण्णा हसायला लागले. त्यांच्या हातातून पाना पडला, डोळ्यांतून पाणी आलं. त्यांना असं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. भरतेश गेला तेव्हा मी कौतुकानं म्हटलं, "आवडला ना जावई?"

"फार आवडला." अण्णांनी पाना उचलला, पुसला. "तेच मला बरं वाटत नाहीये."

"म्हणजे?"

"तो बोलत होता आणि त्याचं पुढचं वाक्य मला आधीच सुचत होतं. तो शंभर सायकली म्हणाला ना, मी मनात दोनशे म्हणत होतो."

मला कळलं ते काय म्हणतायत. कळलं म्हणूनच मी भडकले. "तुम्हाला आता सगळीकडे तेच दिसणार का? लोक मला बघतात, तुम्ही त्याला बघा. मी काय कधी साधी खूश व्हायचंच नाही?"

"तू हो की खूश. तू रात्री घोरत होतीस, मी ऐकलंय. त्याला विचार, तो शेवटचा कधी झोपला."

"आणि हे मी त्याच्या आईला सांगू? आज? लग्न मोडेल अण्णा."

"म्हणून तर तुला सांगितलं. त्यांना नाही सांगितलं."

त्या दिवशी मी दुकानात कोणाला कुठली साडी दाखवली देव जाणे. लग्न मोडायची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती वेगळी होती आणि ती मी अण्णांनाही सांगितली नाही. भरतेश आजारी असेल, तर पुलावर मला लग्नाचं कोणी विचारलं? त्यानं, की त्या आजारानं? तेरा वर्षं गप्प बसलेला माणूस एकदा बोलला आणि तेही त्याचं नव्हतं, असं निघालं तर माझ्याकडे काय उरणार होतं? मी ठरवलं, अण्णा चुकतायत. आनंदी माणसाला आजारी म्हणायची आमच्या घराला खोडच आहे.

सोमवारी आम्ही जयसिंगपूरला पोचलो तर गल्लीच्या दोन्ही टोकांना दोन बँड होते. भरतेशनं दोन्ही ठरवले होते. एक भक्तिगीत वाजवत होता, दुसरा कोळीगीत, आणि दोघांचे मास्तर एकमेकांवर मात करायला निघाले होते. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. रेल्वे स्टेशनवर उतरलेला प्रत्येक माणूस भरतेशनं सकाळपासून साखरपुड्याला आणला होता. त्यात हुपरीला निघालेलं एक अख्खं वऱ्हाड होतं, त्यांचा नवरदेव बाशिंग बांधून चौगुल्यांच्या ओसरीवर चहा पीत होता. भरतेश टेम्पोच्या टपावर उभा राहून भडंग उधळत होता. आवाज बसलेला, डोळे लाल, अंगात पैठणीच्या काठाचं जाकीट. "आज साखरपुडा नाही, लग्नच," तो वरून जाहीर करत होता. "आणि दोन्ही बँडमास्तरांच्या मुलींची पण लग्नं आपणच लावून देणार." एका बँडमास्तरानं खालून सांगितलं की त्याला दोन मुलगेच आहेत. "मग त्यांची," भरतेश म्हणाला.

मी हसले. खोटं कशाला बोलू, पोट धरून हसले. सगळी गल्ली हसत होती, तो नवरदेवही हसत होता.

भरतेश खाली उतरून माझ्याकडे आला आणि माझा हात धरून बोलायला लागला. हात तापलेला होता. सगळ्या जयसिंगपूरला निळा रंग द्यायचा, म्हणजे विमानातून नदी वाटेल. ऊन मी म्हणत होतं. "भरतेश, मला तहान लागलीये," मी म्हटलं. तो विमानाबद्दल बोलत राहिला. मी पुन्हा म्हटलं. मग त्याच्या कानाशी जाऊन म्हटलं. तो माझ्याकडेच बघत होता आणि मी त्याला दिसत नव्हते. सगळ्या गावाला बोलावलेल्या त्या साखरपुड्यात एक मीच आले नव्हते.

तेव्हा माझं हसू थांबलं. मी हात सोडवला आणि सरळ स्वयंपाकघरात गेले.

पद्माक्का एकट्याच पुरणपोळ्या मोजत उभ्या होत्या. मी म्हटलं, "काकी, भरतेशला मिरजेला न्यायला पाहिजे. आत्ता. मॅडमकडे."

"का? त्याला काय धाड भरलीय?"

"अण्णांना झालं होतं तेच."

त्यांनी पोळ्यांवर कापड टाकलं. "तुमच्या घरातलं लागलं त्याला. तू लावलंस. पोरगं चांगलं होतं माझं, डॉक्टरांनी निवडलेलं."

"असेल. मी लावलं म्हणा. लग्न मोडा. पण आत्ता गाडी काढा."

बाहेर दोन्ही बँड एकदम वाजत होते. पद्माक्कांनी खिडकीतून बघितलं. भरतेश पुन्हा टपावर चढला होता आणि अंगातलं जाकीट काढून त्या परक्या नवरदेवाला देत होता. पद्माक्का मटकन खाली बसल्या.

"दादा असाच," त्या म्हणाल्या. "माझा थोरला भाऊ. असाच माळवदावर उभं राहून कपडे वाटले. शेंगांची पोती वाटली गावाला. लोक म्हणाले, वैराग्य आलं, मोठा जीव हाय. आम्हीबी पाया पडलो. मग तो विहिरीत..." त्यांनी पदर तोंडाशी धरला.

मी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. मग त्यांनीच माझा दंड धरला आणि उठल्या. "कसं न्यायचं त्याला? तो ऐकायचा न्हाई."

"ऐकेल," मी म्हटलं.

मी बाहेर येऊन टपाकडे बघून ओरडले, "भरतेश, तुझी मिरजेची मुलाखत राहिलीये. मॅडम वाट बघतायत."

"अरे, मॅडमना बोलावलंच नाही आपण," तो म्हणाला. "चला. सगळे चला."

आणि सगळे आले. पुढच्या टेम्पोत भरतेश, मी, पद्माक्का आणि अण्णा. मागच्या दोन टेम्पोत दोन्ही बँड, त्यामागे मिळेल त्या वाहनात पाहुणे. हुपरीचं वऱ्हाड मात्र नाइलाजानं आपल्या लग्नाला गेलं. अण्णा भरतेशच्या शेजारी बसून वाटभर सायकलींच्या घंटांचे सूर ठरवत होते. तो शंभर म्हणाला की अण्णा म्हणायचे, "पन्नास करू. आधी पन्नास." मी त्या दिवशी अण्णांच्या पाया पडायला हवं होतं, पण टेम्पोत जागा नव्हती.

केंद्राच्या आवारात बँड शिरले तेव्हा सगळ्या खिडक्यांत माणसं आली. सबनीस मॅडम पायरीवर आल्या. भरतेशनं त्यांना वाकून नमस्कार केला आणि तो बोलत बोलत त्यांच्याबरोबर आत गेला. दार बंद झालं. बँडवाल्यांना आता काय करायचं ते कळेना, तेव्हा अण्णांनी त्यांना हळूच घरी पाठवलं.

बऱ्याच वेळानं मॅडमनी आम्हाला आत घेतलं. भरतेशला दाखल करावं लागणार होतं. पद्माक्कांनी भावाचं सांगितलं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अक्का, सुरुवातीला आम्ही विचारलं होतं, कुटुंबात कोणाला असं काही झालंय का. तेव्हा तुम्ही नाही म्हणालात."

"न्हाईच की. चौगुल्यांच्या सात पिढ्या सांगितल्या मी, एकाला न्हाई. दादा पाटलांचा. लग्नात माझं कूळ बदललं, मग माहेरचं हिकडं कसं धरायचं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कूळ बदललं अक्का. बाकीचं बदलत नाही."

"मग आता त्याला नॉर्मलमधनं काढणार?"

"कोणालाच काढत नाही. जो ज्या गटात आला तो तिथंच राहतो. कोणाचं काय होणार हे आधी माहीत असतं तर आम्ही इतकी वर्षं बघत कशाला बसलो असतो?"

मग त्या माझ्याकडे वळल्या. "सुनेत्रा, पहिल्यांदा हे सुरू होताना बघणारं माणूस आम्हाला सहसा मिळत नाही. तू जवळून बघितलंस. नक्की कधी सुरू झालं?"

मला माहीत होतं त्या काय विचारतायत. त्यांना तारीख हवी होती, आणि माझ्यासाठी सगळं लग्न त्या तारखेत होतं. पुलाच्या आधी की नंतर? नंतर असं म्हणायचा मोह इतका झाला की तो शब्द जिभेवर आला. पण अण्णा शेजारी बसले होते, आणि कोणी खोटं सांगितल्यावर पुढे काय होतं ते आत्ताच बघितलं होतं.

"मला नाही माहीत," मी म्हटलं, आणि तिथंच रडायला लागले. "पुलावर त्यानं मला विचारलं, तेव्हा तो तो होता का, ते मला नाही माहीत."

मॅडमनी जवळ येऊन माझ्या पाठीवर हात ठेवला. "मलाही नाही माहीत," त्या म्हणाल्या. "आणि त्यालाही आत्ता नाही सांगता येणार."

भरतेश काही आठवड्यांनी घरी आला. अण्णांसारखंच झालं, आधी जितका वर गेला तितका खाली. बोलणं पुन्हा बंद. गोळ्यांनी हात थोडा कापायचा, तोंड कोरडं पडायचं. लग्नाचा विषय कोणी काढला नाही. मी सुट्टीच्या दिवशी जयसिंगपूरला जायची, दुकानात बसायची, पुड्यांना लेबलं लावायची. पद्माक्कांनी मला जा असं म्हटलं नाही, आणि ये असंही म्हटलं नाही. त्या फक्त एक कप चहा जास्त ठेवायच्या. मी मनाशी पक्कं केलं होतं की पुलावरचं ते सगळं वाहून गेलं. आपण मैत्रीण म्हणून यायचं, बास.

पावसाळा संपला, दिवाळीही होऊन गेली. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भरतेश भडंगाच्या पुड्या मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवत होता, एकेक, सावकाश. मी समोर बसले होते.

"ते राहिलंच," तो म्हणाला.

"काय?"

"लग्न."

माझ्या हातातलं लेबल बोटालाच चिकटलं. "कोणी सांगितलं तुला विचारायला?"

"कोणी नाही."

"तुला कसं वाटतंय आत्ता? आनंद वगैरे?"

त्यानं खरंच विचार केला. "नाही. अंग जड आहे. काही करावंसं वाटत नाही." आणखी एक पुडी चिकटवली. "हे तेवढं विचारावंसं वाटलं. आधीपासूनच वाटायचं. बाकावर बसायचो तेव्हापासून."

"हो," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला. त्याला जांभई आली. "मग मी जरा पडू का?"

तो चुरमुऱ्याच्या पोत्यांवर आडवा झाला आणि लगेच झोपला. मी गल्ल्यावर जाऊन बसले. गिऱ्हाईक आलं, त्यानं भडंग मागितला तर मी शेव दिली, वर दुसऱ्याचे सुटे पैसेही त्यालाच दिले. एकटीच हसत बसले, मोठ्यानं, कोणी बघतंय का याची पर्वा न करता. आतून पद्माक्का बाहेर आल्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं, पोत्यांकडे बघितलं, आणि हसू नको असं काही त्या म्हणाल्या नाहीत.

त्यानंतर आमच्या घरात पुष्कळ सुखाचे दिवस आले. पण इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, आणि तो होत होता तेव्हा ज्यानं दिला तो घोरत होता.